पुढची चाकं, मागची चाकं : गटाच्या फोर-बाय-फोर गाडीचा हिशेब



आपल्या या कार्यक्रमात बहुतेक वेळा बचत, कर्ज, हप्ता, रजिस्टर असे विषय असतात. आज आपण गाडीच्या चाकांबद्दल बोलणार आहोत. चाकांचं काम मिस्त्रीचं, आम्हाला त्यातलं काय कळणार, असं कोणाच्या मनात आलं असेल तर थोडं थांबा. आता कितीतरी गटांकडे आणि ग्रामसंघांकडे स्वतःची गाडी आहे, मिनी ट्रॅक्टर आहे. गाडी बिघडली की बिल गटाच्या खात्यातून जातं. आणि बिघाड कशामुळे झाला हे कळलं नाही, तर दोष भलत्याच माणसावर जातो. आमच्याकडे तसंच झालं. ते आधी सांगतो, मग त्यामागचं गणित सांगतो. गणित सोपं आहे. खडू, दोरी आणि मोजणाऱ्या दोन बाया, एवढ्यावर होतं.

आमच्या चार गटांनी मिळून एक जुनी पिकअप विकत घेतली. मोहफूल, धान, बांबूचं सामान आणायचं-न्यायचं आणि मधल्या दिवसांत भाडं करायचं, असा विचार होता. गाडी फोर-बाय-फोर होती. म्हणजे एरवी मागच्या दोन चाकांवर चालते, आणि लिव्हर टाकला की चारही चाकांना इंजिनची ताकद मिळते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत याची गरज वेगळी सांगायला नको. पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा रस्ता बंद झाला, ही बातमी आपण किती पावसाळे ऐकली. पुराच्या पाण्यात कोणतीच गाडी घालायची नसते, फोर-बाय-फोरसुद्धा नाही. पण पाणी उतरल्यावर नाल्याच्या काठाला जो चिखल राहतो, तिथे साधी गाडी मागची चाकं फिरवत उभी राहते. तिथे ही गाडी कामी येते. चालवायला आमच्याच एका सदस्य मावशींचा मुलगा ठेवला.

उन्हाळाभर गाडी छान चालली. पावसाळा लागला आणि पहिल्यांदा नाल्यात लिव्हर टाकायची वेळ आली. गाडी चिखलातून निघाली, पण डांबरी रस्त्याला लागल्यावर लिव्हर परत निघेना. स्टेअरिंग जड झालं, खालून कटकट आवाज यायला लागला. तो पोरगा आम्हाला म्हणाला, "ताई, पुढची चाकं मागच्या चाकांना धरून ठेवतात जी. गाडी आपल्या आपल्यातच ओढाताण करते."

आम्हाला ते कारण सांगणं वाटलं. दोन महिन्यांत पुढचे टायर घासले. मग एका संध्याकाळी धानाची पोती भरलेली असताना पुढच्या शाफ्टचा क्रॉस तुटला. गाडी रात्रभर नाल्याकाठी उभी राहिली आणि पोती भिजली. बैठक झाली. गाडी बेदरकार चालवतो असं ठरलं आणि त्याच्या पगारातून हजार रुपये कापायचा ठराव झाला. त्याची आई त्याच बैठकीत बसली होती. ती काही बोलली नाही. रजिस्टरवर सही करून निघून गेली.

क्रॉस बसवायला जे मिस्त्रीकाका आले, त्यांची हयात जंगलातल्या लाकडाच्या ट्रकांवर गेलेली. गाडीखालून बाहेर येऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पुढचं हौसिंग कधी बदललं?" आम्हाला काय माहीत! गाडी घेतानाच बदललेलं असेल. काका म्हणाले, "मग खडू आणा. पोराला बोलायच्या आधी चाकं मोजून घ्या."

आता ते काय मोजायला सांगत होते, ते समजून घेऊ.

इंजिनची ताकद आधी गिअरबॉक्समध्ये येते. फोर-बाय-फोर गाडीत त्याच्या मागे आणखी एक डबा असतो, त्याला ट्रान्स्फर केस म्हणतात. तिथून दोन लांब शाफ्ट निघतात, एक मागच्या चाकांकडे आणि एक पुढच्या चाकांकडे. लिव्हर टाकला की हे दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. एक जितक्या फेऱ्या घेईल, तितक्याच दुसऱ्याने घ्यायच्या, कमी नाही की जास्त नाही.

प्रत्येक शाफ्टच्या टोकाला, दोन चाकांच्या मधोमध, लोखंडी गोळा असतो. तो आपण गाडीखाली वाकून पाहिलेला असतो. मिस्त्री त्याला हौसिंग म्हणतात. त्याच्या आत दोन दातेरी चाकं असतात. शाफ्टला जोडलेलं लहान चाक म्हणजे पिनियन, आणि त्याने फिरणारं मोठं चाक म्हणजे क्राउन. शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईला हे लगेच कळेल. मशीनला खाली मोठं चाक आणि वर लहान चाक असतं. मोठं एकदा फिरलं की लहान कितीतरी वेळा फिरतं, म्हणून सुई भराभर चालते. गाडीत याच्या उलट आहे. इथे लहान चाक मोठ्याला फिरवतं. त्यामुळे वेग कमी होतो आणि जोर वाढतो.

किती कमी आणि किती जास्त, हे दातांवर ठरतं. पिनियनला ८ दात आणि क्राउनला ३९ दात असतील, तर ३९ भागिले ८, म्हणजे ४.८७५. शाफ्टच्या जवळजवळ पावणेपाच ते पाच फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते. पिनियनला ८ आणि क्राउनला ४३ दात असतील, तर ४३ भागिले ८, म्हणजे ५.३७५. इथे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या सव्वापाचाहून जास्त फेऱ्या लागतात. या आकड्याला गिअर रेशो म्हणतात. आकडा मोठा असेल तर ओढायला जोर जास्त आणि पळायला वेग कमी. आकडा लहान असेल तर त्याच्या उलट.

हे दोन आकडे आम्ही उगाच घेतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस कंपनीच्या लष्करी जीपला ४.८८ चा रेशो होता. १९४५ साली त्याच कंपनीने शेतकऱ्यांसाठी आणि सामान्य लोकांसाठी जी जीप काढली, तिला ओढण्यासाठी जास्त जोर हवा म्हणून ५.३८ चा रेशो दिला. आपल्याकडे महिंद्राने मुंबईत विलिसच्या जीपा जुळवायला सुरुवात केली आणि पुढे ही गाडी देशभर पसरली. म्हणजे एकाच घराण्यातल्या गाड्यांमध्येसुद्धा दोन वेगवेगळे रेशो असतात. जुन्या बाजारात एखादं हौसिंग सुटं मिळतं. ते गाडीला बसतं, रंग दिला की शोभतंही. पण आत किती दात आहेत हे बाहेरून दिसत नाही.

आता समजा पुढे ४३-८ आणि मागे ३९-८ आहे. आमच्या गाडीत अगदी हेच निघालं. लिव्हर टाकला की दोन्ही शाफ्ट सारखेच फिरणार. पण मागची चाकं जेव्हा एक किलोमीटर चालतील, तेव्हा पुढची चाकं गिअरच्या हिशेबाने ९०७ मीटरच चालू पाहतील. किलोमीटरमागे ९३ मीटरचा फरक. गाडी तर एकच आहे, पुढचं अंग मागे ठेवून तिला जाता येत नाही. मग हे ९३ मीटर जातात कुठे?

एका जुवाला दोन बैल जुंपले आणि एकाचं पाऊल लांब, दुसऱ्याचं आखूड असलं, तर काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. जू तिरपं होतं, एकाची मान सोलते, दुसरा नुसता ओढत राहतो. गाडीतही तसंच होतं. चिखलात किंवा वाळूत टायर थोडा घसरतो आणि हा फरक तिथे मुरतो. म्हणून नाल्यात गाडी बरी चालली असं वाटतं. डांबरावर टायर घसरत नाही. तिथे सगळा ताण शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये आणि ट्रान्स्फर केसच्या दातांमध्ये साठत जातो. ताण साठला की लिव्हर आवळला जातो आणि निघत नाही. तरीही गाडी पुढे रेटली तर टायर घासतात, नाही तर जो भाग सगळ्यात कच्चा असेल तो तुटतो. आमच्याकडे क्रॉस तुटला. एखाद्याचे ट्रान्स्फर केसचे दातही जातात आणि मग खर्च कितीतरी पट वाढतो.

आणि हा दोष लपतो कसा, तेही पाहा. लिव्हर टाकलेला नसताना पुढचा शाफ्ट मागच्याशी बांधलेलाच नसतो. तेव्हा पुढे कोणताही रेशो असला तरी गाडी बिनबोभाट चालते. उन्हाळ्यात गाडी पाहायला जा, चालवून बघा, काही कळणार नाही. कळेल ते पावसाळ्यात, भरल्या गाडीत, नाल्याच्या मध्यात. म्हणून घेण्याच्या आधीच मोजायचं.

मोजायचं कसं, ते आता सांगतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या.

जागा सपाट आणि मऊ हवी. नांगरलेलं कोरडं शेत चालेल, नाल्याची वाळू चालेल. डांबरी रस्त्यावर हे करू नका. गाडीच्या एकाच बाजूच्या पुढच्या आणि मागच्या टायरला, जमिनीला टेकतो तिथे, खडूने ठळक खूण करा. एका बाईने पुढचं चाक मोजायचं, दुसरीने मागचं. दोघींनी गाडीपासून चार हात लांबून चालायचं. गाडीच्या पुढे कोणी जायचं नाही, लेकरांना जवळ येऊ द्यायचं नाही. चालकाने माणसाच्या चालीने, अगदी सरळ रेषेत गाडी घ्यायची. स्टेअरिंग वळलं तर मोजणी चुकते.

पहिल्या वेळी लिव्हर काढलेला ठेवा. मागच्या चाकाच्या दहा फेऱ्या झाल्या की गाडी थांबवा आणि पुढच्या चाकाच्या किती झाल्या ते लिहा. पिकअप किंवा जीपमध्ये दोन्हीकडे दहाच यायला हव्यात. कमी-जास्त आल्या तर पुढचे आणि मागचे टायर सारखे नाहीत.

दुसऱ्या वेळी लिव्हर टाका आणि पुन्हा मागच्या चाकाच्या दहा फेऱ्या मोजा. आता पुढच्या चाकाच्या जेवढ्या फेऱ्या येतील, तो दातांचा हिशेब. दोन्ही रेशो सारखे असतील तर पुढे दहाच येतील. आमच्या गाडीच्या नऊ आणि किंचित वर आल्या. पुढचं चाक मोजणाऱ्या ताई म्हणाल्या, "माझंच चुकलं असेल." दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. तिन्ही वेळा नऊ आणि किंचित वर.

लक्षात ठेवायला सोपं असं की, लिव्हर काढून मोजलं तर टायर कळतात आणि लिव्हर टाकून मोजलं तर दात कळतात.

यात एक फसगत होऊ शकते. काही जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या मधोमध एक फिरवायची चकती असते, तिला फ्री-व्हील हब म्हणतात. ती 'लॉक'वर नसेल तर लिव्हर टाकूनही पुढची चाकं मोकळीच फिरतात. मग दोष असूनही दहाला दहाच येतील. म्हणून दुसऱ्या मोजणीआधी दोन्ही बाजूंचे हब लॉक केले का, ते स्वतः बघा.

मिस्त्री सोबत असेल तर आणखी एक पडताळा करता येतो. हा मिस्त्रीकडूनच करून घ्या. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, फोर-बाय-फोरचा लिव्हर काढलेला. हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावायचे. मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं आणि खाली पक्का आधार द्यायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरायचं नाही. शाफ्टला आणि उचललेल्या चाकाला खडूची खूण करायची. एक चाक जमिनीवर स्थिर असलं की उचललेल्या चाकाला दोन फेऱ्या दिल्यावर क्राउनची एक फेरी होते. म्हणून चाकाला वीस फेऱ्या द्या आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. ३९-८ असेल तर शाफ्टच्या पावणेएकोणपन्नास येतील, ४३-८ असेल तर पावणेचोपन्न. मग हीच मोजणी पुढच्या बाजूला करा. तिथे हब असतील तर ते लॉक करून. पाच फेऱ्यांचा फरक कोणाच्याही लक्षात येतो. हौसिंग दुरुस्तीसाठी उघडलंच असेल तर सरळ दात मोजून रजिस्टरमध्ये लिहून ठेवा.

पुढचा आणि मागचा आकडा अगदी तंतोतंत सारखा हवा का? पुढे ४.१० आणि मागे ४.११ असा किंचित फरक असलेल्या गाड्या कारखान्यातूनच येतात. दोन्हीकडच्या दातांची संख्या वेगळी असल्यामुळे ते होतं आणि त्याने काही बिघडत नाही. शेकडा एकाच्या आतला फरक चालतो. आमच्याकडे शेकडा दहाचा होता.

टायरचंही ऐका. टायरची नक्षी झिजून उंची पाच मिलिमीटरने कमी झाली, तर चाकाचा घेर तीन सेंटीमीटरने कमी होतो. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले, असं केलं तर रेशो सारखा असूनही ओढाताण सुरू होते. म्हणून चारही टायर एकाच मापाचे ठेवायचे, हवा कंपनीने सांगितली तेवढी ठेवायची आणि मधूनमधून पुढचे मागे, मागचे पुढे करत राहायचं.

आता कोणी विचारेल, आमची गाडी मोजली, सगळं जुळलं, तरी डांबरावर लिव्हर अडकतो. त्याचं काय? त्याचं कारण वेगळं आहे. धान चुरताना बैल खांबाभोवती फिरवतात, तेव्हा खांबाजवळचा बैल थोडंच चालतो आणि बाहेरच्या बैलाला लांब फेरा पडतो. वळणावर गाडीचंही तेच. पुढची चाकं बाहेरून मोठा फेरा घेतात, मागची आतून जातात. लिव्हर टाकलेला असला की दोघांना सारखंच चालावं लागतं आणि पुन्हा ताण साठतो. म्हणून अशा लिव्हरच्या गाडीत कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर वापरायचंच नाही. चिखल संपला की लिव्हर काढायचा. अडकलाच तर ओढाओढ करू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या किंवा मातीच्या कडेला उतरवा. ताण सुटला की लिव्हर आपोआप सैल होतो. पण सरळ रस्त्यावर आणि पुन्हा पुन्हा अडकत असेल, तर मोजणी करा.

ट्रॅक्टरचं थोडं निराळं आहे आणि ते आपल्या गटांच्या जास्त कामाचं आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर देण्याची सामाजिक न्याय विभागाची योजना आपल्यापैकी अनेकींना माहीत आहे. ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं, मिळून साडेतीन लाखांची मर्यादा. त्यात ९० टक्के म्हणजे ३ लाख १५ हजार अनुदान आणि ३५ हजार गटाचा हिस्सा, अशी तिची रचना आहे. मिनी ट्रॅक्टरमध्ये फोर-बाय-फोर पुष्कळ दिसतात. सिंदेवाही, नागभीड, ब्रम्हपुरी, आरमोरीकडे धानाच्या बांध्यांत चिखलणीला पुढची चाकंही ओढायला लागली तर काम लवकर होतं.

ट्रॅक्टरची पुढची चाकं लहान आणि मागची मोठी. मग दोघांची चाल जुळवायला कारखान्यातच पुढच्या चाकांचा गिअर असा ठेवतात की ती जास्त फेऱ्या घेतील. शिवाय पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित पुढे धावतील अशी बेतलेली असतात, साधारण शेकडा एक ते पाच. त्यामुळे ती ट्रॅक्टरला पुढे ओढतात. मागे पडली तर ती ओढणार नाहीत, उलट ब्रेकसारखी आड येतील.

उदाहरणादाखल आकडे धरू. पुढचं चाक एका फेरीत २१० सेंटीमीटर जातं, मागचं ३२० सेंटीमीटर. गिअर असा आहे की मागच्या एका फेरीला पुढच्याच्या १.५७ फेऱ्या होतात. २१० गुणिले १.५७ केलं तर सुमारे ३३० सेंटीमीटर. म्हणजे मागचं ३२० जातं तेव्हा पुढचं ३३० जाऊ पाहतं, शेकडा तीन पुढे. हे बरोबर आहे. आता मागचे टायर झिजले म्हणून कोणी सांगितलं, थोडे मोठे घाला, चिखलात पकड चांगली येते. मोठे टायर एका फेरीत ३४० सेंटीमीटर जातात. पुढची चाकं अजून ३३० वरच आहेत. आता ती शेकडा तीन मागे पडली. टायर नवे आणि महाग घेतले, पण ओढ कमी झाली, डिझेल वाढलं आणि पुढच्या हौसिंगवर ताण आला.

मोजणी तीच. मऊ सपाट शेतात, मागे अवजार न लावता, मागच्या चाकाच्या दहा फेऱ्या. एकदा फोर-व्हील बंद ठेवून, एकदा चालू करून. वरच्या उदाहरणात बंद असताना पुढच्या चाकाच्या साधारण सव्वापंधरा येतील आणि चालू असताना पंधरा आणि पाऊण फेरीच्या जवळ. ट्रॅक्टरमध्ये चालू असतानाचा आकडा थोडा जास्त यायला हवा. बरोबरीचा किंवा कमी आला तर टायरचं माप चुकलं आहे. म्हणून ट्रॅक्टरचे टायर बदलताना पुढच्या-मागच्या मापांची जी जोडी कंपनीच्या पुस्तकात दिली आहे, तीच घ्यायची. एका बाजूचं माप बदललं तर दुसऱ्या बाजूचंही त्या जोडीप्रमाणे बदलावं लागतं. आणि ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यावर जाताना फोर-व्हील बंद ठेवायचं, नाहीतर पुढचे टायर लवकर संपतात.

आता आमच्या पिकअपचं काय केलं, ते सांगतो. दोन वाटा होत्या. मागचा रेशो बदलून ४३-८ करायचा, म्हणजे ओढायला जोर वाढला असता. पण काकांनी सांगितलं की मग गाडीचं किलोमीटरचं मीटर शंभरला एकशेदहा दाखवेल. आमचं भाडं किलोमीटरवर. गिऱ्हाईकाकडून दहा टक्के फुकट घेणं बरं नव्हे. शिवाय मुळातलं मागचंच होतं, बदललेलं पुढचं. म्हणून पुढे ३९-८ ची क्राउन-पिनियनची जोडी टाकली. हे दोन भाग नेहमी जोडीनेच बदलायचे असतात. नव्या पिनियनला जुना क्राउन लावला तर दात बसत नाहीत आणि आवाज करतात. पैसे जमेपर्यंत आम्ही गाडी लिव्हर न टाकता, नाल्यापलीकडच्या फेऱ्या बंद ठेवून चालवली. त्या दोन महिन्यांत उत्पन्न कमी झालं, पण नवीन मोडतोड झाली नाही.

मग बैठक घेतली. गाडी घेताना आम्ही इंजिन ऐकलं, कागद तपासले, रंग पाहिला. चाकं मोजली नाहीत. ती चूक चारही गटांची होती. ज्याने पहिल्याच दिवशी नेमका दोष सांगितला, त्याचं आम्ही ऐकून घेतलं नाही. कापलेले हजार रुपये परत द्यायचा ठराव झाला आणि तो जुन्या ठरावाच्या खालीच लिहिला, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला दोन्ही दिसतील. अध्यक्षताईंनी पैसे मावशींच्या हातात दिले. मावशी म्हणाल्या, "पैशाचं नाही जी. पोरगा तवाच सांगत होता."

त्या दिवशी आम्ही काही नियम ठरवले. तुमच्या गटालाही उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

एक, जुनी फोर-बाय-फोर गाडी किंवा ट्रॅक्टर घेताना इसार देण्याआधी दहा फेऱ्यांची मोजणी करायची, लिव्हर काढून आणि लिव्हर टाकून. विकणारा मोजू देत नसेल तर व्यवहार थांबवायचा.

दोन, पुढचं किंवा मागचं हौसिंग, क्राउन-पिनियन किंवा टायर बदलला की पुन्हा मोजायचं आणि आकडे तारखेसह रजिस्टरमध्ये लिहायचे.

तीन, मिस्त्रीच्या बिलावर दातांची संख्या लिहून घ्यायची. नुसतं "हौसिंग काम" असं लिहिलेलं बिल मंजूर करायचं नाही.

चार, चालक जे सांगेल ते ऐकून लिहून ठेवायचं. त्याच्याकडून दंड घ्यायचा असेल तर आधी गाडी तपासायची.

आमच्या पिकअपच्या डब्यात आता पान्यांसोबत खडूची डबीही असते. मागच्या महिन्यात शेजारच्या गावचा गट ट्रॅक्टर बघायला निघाला, तेव्हा आमच्या दोन ताई मोजायला सोबत गेल्या. तुमच्या गटाने गाडी किंवा ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं असेल, तर या बैठकीत हा विषय काढा. दहा फेऱ्या मोजायला अर्धा तासही लागत नाही.